जुन्या परफॉर्मन्स गाडीचं टेंपरेचर परत परत वर जातंय? पार्ट बदलायच्या आधी ते कधी वाढतं ते बघा

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला की थोडे दिवस बरं वाटतं, मग एखाद्या गरम दुपारी सुई परत अर्ध्याच्या वर सरकायला लागते, मग वॉटर पंप बदलतात, मग रेडिएटर, आणि शेवटी "ही गाडी गरमच चालते" असं म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. ही गाडी नवीन होती तेव्हा भर उन्हात, चढावर, एसी लावून तिची टेस्ट झालेली असते, म्हणजे तेव्हा कूलिंग पुरत होतं. आज पुरत नाही याचा अर्थ मधल्या वीस-तीस वर्षांत काहीतरी कमी झालंय, नाहीतर आधीच्या कुठल्या तरी मालकाने काहीतरी बदललंय, आणि दोन्ही गोष्टी शोधून काढता येतात. फक्त शोधायचा क्रम बरोबर पाहिजे, नाहीतर पैसे जातात आणि सुई तिथेच.

सगळ्यात मोठा प्रश्न एकच, गाडी गरम कधी होते. सिग्नलला उभी असताना वाढतं आणि चालायला लागली की उतरतं? की गावात ठीक आणि हायवेला शंभरच्या पुढे गेलं की हळूहळू चढत जातं? की दोन्हीकडे? की बंद करून पाच मिनिटांनी परत चालू केली की सुई एकदम वर दिसते? ह्यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आणि इलाज वेगळा, म्हणून आठवडाभर गाडी चालवताना नीट लक्ष देऊन लिहून ठेवा, बाहेर ऊन किती, एसी चालू की बंद, स्पीड काय, सुई कुठे.

पण त्याच्याही आधी, ती खरंच गरम होतेय का ते बघा, कारण जुन्या गाडीच्या गेजवर मी तरी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. एक वायरचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग इंजिनाच्या बॉडीतूनच होते, तिथे कोणी आटे भरून टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला असेल तर रीडिंग चुकतं. हेडलाईट किंवा फॅन चालू केल्याबरोबर सुई हलत असेल तर तो पाण्याचा प्रॉब्लेम नाही, वायरिंगचा आहे, इंजिन ते बॉडी अर्थ पट्टी आधी साफ करा. पाणी एका क्षणात तापत नाही, सुई उडी मारते म्हणजे वीज उडी मारतेय. खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅट हाउसिंगवर मोजा, मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, त्यामुळे तिथे काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका द्या किंवा काळी टेप चिकटवा आणि त्याच्यावर मोजा. इंजेक्शनवाली गाडी असेल आणि डायग्नोस्टिक सॉकेटमधून डेटा मिळत असेल तर ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) सेन्सर काय म्हणतो ते पण बघा, तो गेजच्या सेन्सरपेक्षा बहुतेक वेळा वेगळा असतो.

आता नॉर्मल किती हे पण डोक्यात क्लिअर पाहिजे. ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या मध्ये चालणारं इंजिन आजारी नाही. ट्रॅफिकमध्ये १०५ ला जाऊन फॅन लागल्यावर खाली येत असेल तरी काही गाड्यांमध्ये ते कंपनीनेच तसं ठेवलेलं असतं. सिस्टीम प्रेशरखाली असते हे लोक विसरतात. साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं, पण १५ पीएसआय (दाबाचं माप) च्या रेडिएटर कॅपखाली तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२५ च्याही पुढे जातं. म्हणून १०२ बघून घाबरायचं कारण नाही, पण ११० च्या पुढे जाऊन थांबत नसेल किंवा रोज आधीपेक्षा थोडं जास्त दाखवत असेल तर मात्र कामाला लागा.

टेंपरेचर नेमकं ठरवतं कोण, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थर्मोस्टॅट फक्त खालची हद्द ठरवतो. ८८ चा थर्मोस्टॅट म्हणजे ८८ च्या आसपास तो उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला अजून दहा-पंधरा अंश लागतात, एकदा तो पूर्ण उघडला की त्याचा रोल संपला, त्याच्यानंतर सगळं रेडिएटर आणि हवेवर. उभ्या गाडीत वरची हद्द ठरवतो फॅनचा स्विच. हायवेवर वरची हद्द ठरवते रेडिएटरची ताकद. त्यामुळे ज्याची गाडी ११० ला जातेय त्याने ७१ चा "थंड" थर्मोस्टॅट टाकून काही होत नाही, ती सुरुवात खालून करेल आणि थोडी उशिरा त्याच ११० ला पोचेल. आणि फॅनचा स्विच १०५ चाच ठेवला तर ट्रॅफिकमध्ये १०५ झाल्याशिवाय फॅन लागणारच नाही, मग थर्मोस्टॅट काहीही असो. शेवरलेची सी४ कॉर्व्हेट याचं सरळ उदाहरण, १९८४ ते १९९६ च्या ह्या गाडीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फॅन कारखान्यातूनच १०५ च्या पुढे लागायचा. तिथे टेंपरेचर खाली आणायचं तर थर्मोस्टॅट आणि फॅनचा ऑन पॉइंट, दोन्ही जोडीने खाली आणावे लागतात.

किती खाली आणायचं यालाही मर्यादा आहे. कूलंट फार थंड राहिलं तर इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीयू समजतो इंजिन अजून गरम व्हायचंय आणि जास्त पेट्रोल मारत राहतो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, तेलात उतरतं, सिलिंडरची आतली भिंत झिजते. तेलातला ओलावा पण नीट तापल्याशिवाय उडत नाही. ८० ते ८२ चा थर्मोस्टॅट रस्त्यावरच्या परफॉर्मन्स गाडीला मला योग्य वाटतो. ७१ चा ट्रॅकवाल्यांसाठी सोडा.

उभी असताना तापते

म्हणजे हवा कमी पडतेय. साधारण ५०-६० च्या स्पीडनंतर पुढून येणारी हवाच एवढी असते की फॅनची गरज उरत नाही, त्याच्याखाली सगळा भार फॅनवर.

इलेक्ट्रिक फॅन असेल तर "फॅन फिरतोय" एवढ्यावर समाधान मानू नका, किती जोरात फिरतोय ते महत्त्वाचं. मल्टीमीटर घ्या, फॅन चालू असताना फॅनच्याच कनेक्टरला व्होल्टेज मोजा आणि मग बॅटरीला मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जुनी वायर, जळका रिले, गंजलेली अर्थ यापैकी काहीतरी व्होल्टेज खातंय. मोठे फॅन २०-३० अँपिअर ओढतात, तीस वर्षं जुन्या बारीक वायरीतून तेवढा करंट नीट जात नाही, फॅन फिरताना दिसतो पण दमलेला असतो. नवीन जाड वायर, चांगला रिले, स्वतंत्र फ्यूज आणि बॉडीला घासून केलेली अर्थ, एवढ्यावर कित्येक गाड्या सुधारतात आणि त्यात खर्च किरकोळ आहे. अल्टरनेटर जुना असेल तर आयडलला हेडलाईट, एसी ब्लोअर आणि फॅन मिळून व्होल्टेज १२ च्या घरात घसरतं, नेमकं जेव्हा फॅन जोरात पाहिजे तेव्हा तो हळू होतो. आणि हो, कोणी फॅन बदललेला असेल तर तो हवा कुठल्या दिशेला टाकतो ते कागदाचा तुकडा धरून बघा, दोन वायरी उलट लागल्या की मोटर उलटी फिरते आणि मग चालत्या गाडीच्या हवेशी फॅनच भांडत बसतो.

इंजिनावर चालणारा व्हिस्कस क्लचचा फॅन असेल तर इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि चावी काढून हाताने फॅन फिरवा. गरम असताना तो जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरत असेल किंवा क्लचच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला तेलकट रेघा दिसत असतील तर आतलं सिलिकॉन तेल गळून गेलंय, क्लच संपला. इलेक्ट्रिक फॅनला मात्र चावी बंद असताना पण हात लावू नका, काही गाड्यांत तो गाडी बंद झाल्यावरही आपोआप सुरू होतो, आधी कनेक्टर काढा.

श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण! हा पार्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कधीतरी इंजिन बाहेर काढताना कोणीतरी श्राउड तोडला, परत बसवलाच नाही, आणि मग फॅन रेडिएटरच्या फक्त मधल्या गोलातून हवा ओढतो, चारी कोपरे रिकामे, म्हणजे रेडिएटरचा मोठा भाग फुकट. श्राउड पाहिजेच, आणि फॅनची पाती साधारण अर्धी श्राउडच्या आत अर्धी बाहेर पाहिजेत. तसंच रेडिएटर आणि बॉडीच्या मधल्या फटी. कंपनीने तिथे फोमच्या पट्ट्या आणि रबरी फ्लॅप दिलेले असतात, ते कुजून पडून जातात आणि कोणाला कळतही नाही. हवेला आळस फार, जिथे अडथळा कमी तिथून जाते, फट दिसली की रेडिएटर सोडून बाजूने निघून जाते. दाट फोम आणून चारी बाजू सील करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा मला माहीत नाही.

मग एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली जागा. समोरून जाळीतून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि आपण खूश होतो, पण घाण त्याच्या मागे, रेडिएटरच्या तोंडावर बसलेली असते, पानं, किडे, धूळ, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे. ज्या गाड्या बंपरच्या खालून हवा घेतात त्यांचं तर बघायलाच नको, त्या रस्त्यावरचा कचरा झाडूनच घेतात. रेडिएटर वरून सोडवून मागे कलता करा आणि टॉर्च मारून बघा. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारा, साध्या पाईपच्या धारेने, कार वॉशचं प्रेशर गन लावलं तर फिन (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात आणि जे थोडं चालत होतं ते पण बंद पडतं.

परफॉर्मन्स गाड्यांमधली अजून एक खास गोष्ट, अंडरड्राइव्ह पुली. चार घोडे जास्त मिळावेत म्हणून क्रँकवर लहान किंवा पंप-अल्टरनेटरवर मोठी पुली लावतात, वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही हळू फिरतात, रेसमध्ये सात हजार आरपीएमला ते बरोबर आहे, सिग्नलला आठशेला नाही. तुमच्या गाडीवर आधीच्या मालकाने ही लावली असेल आणि तुम्ही गावात चालवत असाल तर मूळ साईजची पुली परत लावा.

इग्निशन टायमिंग पण इथेच येतं. टायमिंग मागे गेलं असेल, म्हणजे स्पार्क उशिरा पडत असेल, तर पेट्रोल उशिरा जळतं, जळत जळतच एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतं आणि एक्झॉस्ट पोर्टच्या भिंतीतून सगळी उष्णता पाण्यात उतरते. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत व्हॅक्युम ॲडव्हान्सचा (व्हॅक्युमच्या ओढीने स्पार्क लवकर आणणाऱ्या यंत्रणेचा) डायफ्रॅम फाटलेला असतो किंवा "रेस ट्यून" म्हणून ती नळीच काढून टाकलेली असते, आणि मग आयडलला गाडी तापते. सत्तरच्या दशकातल्या काही गाड्यांत तर इंजिन फार तापलं की ॲडव्हान्सला पूर्ण व्हॅक्युम देणारा एक थर्मल स्विच कंपनीच द्यायची, एवढा टायमिंगचा आणि टेंपरेचरचा संबंध आहे. टायमिंग लाईट लावून बघा. मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल, कुठे व्हॅक्युम लीक असेल, तरी तेच.

हायवेला तापते, गावात ठीक

इथे फॅन बदलून काही होणार नाही, हवा भरपूर आहे. एकतर पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर रेडिएटर आतून अडकलाय, नाहीतर हवा समोर दिसते पण रेडिएटरमधून जातच नाही.

तिसरं आधी बघा कारण ते फुकट आहे. बंपरच्या खाली एक काळी प्लास्टिकची पट्टी असते, एअर डॅम, बरेच लोक तिला दिखाऊ समजतात आणि स्पीडब्रेकरला घासून तुटली की काढूनच टाकतात. वर म्हटलेली सी४ कॉर्व्हेट किंवा १९८२ ते १९९२ ची कॅमॅरो, ह्या गाड्या हवा मुख्यतः खालूनच घेतात, तीच पट्टी हवा वर रेडिएटरकडे वळवते आणि गाडीखाली कमी दाब तयार करून इंजिन बेमधली गरम हवा बाहेर ओढायला मदत करते. ती नसली की ऐंशी-शंभरला सुई चढणारच. तसंच ग्रिलसमोर लावलेले जाडजूड एक्स्ट्रा लाईट, मोठी नंबर प्लेट, टर्बो केल्यावर पुढे बसवलेला इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), हे सगळे रेडिएटरच्या तोंडचा घास काढतात. आणि बॉनेट मागच्या बाजूने वॉशर घालून उचलायची जी फॅशन आहे ना, ती काढा. विंडशील्डच्या पायथ्याशी चालत्या गाडीत दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर निघत नाही तर आत शिरते, इंजिन बेमधला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणारी हवा उलट कमी होते. उभ्या गाडीत थोडी गरम हवा वर निघून जाते हे खरं, पण हायवेला तोटा. व्हेंट करायचेच असतील तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या थोडं मागे, जिथे दाब कमी असतो तिथे.

मग खालचा होज पाईप. तो पंपाच्या ओढण्याच्या बाजूला असतो, जुना होऊन मऊ पडला असेल तर जास्त आरपीएमला चपटा होतो आणि पाणीच बंद. आत स्प्रिंग असायची ती गंजून गेली किंवा नवीन पाईपात कोणी टाकलीच नाही. इंजिन गरम असताना बॉनेट उघडून, फॅन आणि बेल्टपासून हात-कपडे लांब ठेवून, कोणाला तरी तीन-साडेतीन हजारला रेस धरायला सांगा आणि पाईपकडे बघा.

वॉटर पंप बाहेरून कोरडा आहे म्हणजे चांगला आहे असं नाही. आतली पाती गंजून बारीक झालेली असतात, किंवा प्लास्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) शाफ्टवर सटकतो, नव्वदच्या दशकातल्या बीएमडब्ल्यू ई३६ च्या मूळ पंपात हा प्रकार इतका प्रसिद्ध आहे की लोक सरळ धातूच्या इम्पेलरचा टाकतात. बेल्ट ढिला असेल तर तो पण घसरतो. बेल्टची सिस्टीम बदलून सर्पेंटाईन (एकच लांब चपटा बेल्ट) केली असेल तर पंप उलट्या दिशेचा लागत नाही ना हे बघा, दोन्ही प्रकारचे पंप बाहेरून सारखे दिसतात आणि चुकीचा लागला तर पाणी थोडं ढवळलं जातं पण फिरत नाही.

आता मोजायची खरी युक्ती. इंजिन पूर्ण गरम, थर्मोस्टॅट उघडलेला, अशा वेळी रेडिएटरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकाला टेंपरेचर मोजा. फरक फारच मोठा असेल, म्हणजे २०-२५ किंवा जास्त, आणि तरी इंजिन तापत असेल, तर रेडिएटर आपलं काम करतोय पण पाणी फार हळू येतंय, पंप, थर्मोस्टॅट, पाईप बघा. फरक दोन-तीन अंशांचाच असेल तर पाणी भरपूर येतंय पण उष्णता हवेत जात नाही, म्हणजे हवा कमी किंवा फिन खराब. शिवाय रेडिएटरच्या पूर्ण तोंडावर थर्मामीटर फिरवा, एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ह्याने निम्मे संशयित बाद होतात.

रेडिएटर बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा क्षार. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकलेलं असतं, त्यातला क्षार गरम जागेवर थर धरतो. खरं सांगायचं तर रेडिएटरइतकाच थर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पण असतो, आणि गाळ तर ब्लॉकच्या तळाशी, मागच्या सिलिंडरांभोवती बसतो. म्हणून नुसतं रेडिएटरचा खालचा नळ उघडून पाणी सोडलं तर बरंचसं जुनं पाणी ब्लॉकमध्येच राहतं. ब्लॉकच्या बाजूला ड्रेन प्लग असतात, ते उघडा, आणि प्लग काढल्यावर सुद्धा काही आलं नाही तर खूश होऊ नका, भोकात तार घालून बघा, गाळाने बुजलेलं असतं. गंज जास्त असेल तर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्याने इंजिन गरम करून फिरवतात आणि मग भरपूर साध्या पाण्याने अनेकदा धुतात, पण ॲल्युमिनियमचे पार्ट असतील तर हे फार वेळ आत ठेवू नका. आणि एक इशारा, रेडिएटर अगदी पातळ झालेला असेल तर क्षारच त्याची भोकं बुजवून बसलेला असतो, साफ केल्यावर गळती दिसली तर ती फ्लशने केलेली नाही, उघडी पाडलेली आहे.

कधीही, कुठेही, नियम नाही

असं असेल तर आधी हवा, मग कॅप, आणि मग भीती वाटते ती गोष्ट.

हवा अडकलेली असेल तर सेन्सर कधी पाण्यात असतो कधी वाफेत, सुई वेड्यासारखी वर-खाली होते, हीटर कधी गरम कधी थंड. पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, हळूहळू भरा, आणि ब्लीड स्क्रू (हवा सोडायचे) असतील तर ते उघडून सलग पाणी येईपर्यंत थांबा. जनरल मोटर्सचं १९९२ पासूनचं एलटी१ इंजिन पाणी आधी हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) आणि मग ब्लॉकला पाठवतं, त्यात ब्लीड न करता भरलं तर हवा राहणारच. थर्मोस्टॅटला छोटी पिन असलेलं भोक असतं, ते वरच्या बाजूला ठेवूनच बसवा, हवा तिथून निघते.

कॅप ही सिस्टीममधली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात उशिरा बदलली जाणारी. दर एक पीएसआय दाबाने उकळण्याचा बिंदू साधारण दीड अंश वर जातो, कॅपची स्प्रिंग मेली की तेवढी सगळी सुरक्षा गेली आणि पाणी जास्तीचं पाणी साठवणाऱ्या बाटलीत उकळून बाहेर. कॅपमध्ये एक उलटा व्हॉल्व्ह पण असतो, गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घेणारा. सकाळी वरचा पाईप चपटा दिसला तर तो अडकलाय. बाटलीच्या नळीला चीर असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते आणि रोज थोडं पाणी कमी होत जातं, बाहेर थेंब नाही, कुठे जातं कळत नाही.

आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील. थंड इंजिन चालू करून एक-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमट पण नाही आणि पाईप दगडासारखे कडक झाले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, तेही तेच सांगतात. केमिकल टेस्ट करा, निळं द्रव्य रेडिएटरच्या तोंडावर धरतात, जळलेला वायू आला की ते पिवळं होतं. नुकतंच इंजिन उघडलेलं असेल आणि तेव्हापासून तापत असेल तर गॅस्केट उलटं लागलेलं असण्याची शक्यता पण धरा, फोर्डच्या जुन्या छोट्या व्ही८ मध्ये गॅस्केटला पुढची बाजू ठरलेली आहे, पाण्याची मोठी भोकं मागच्या टोकाला गेली पाहिजेत, उलटं लागलं तर पाणी मागपर्यंत न जाता पुढूनच वर निघून जातं.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. नका ऐकू. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती उघडताना बायपासची वाट बंद करते, तो काढला की बायपास कायम उघडा आणि गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात. म्हणजे थंड करायला गेलो आणि अजून तापलं. दुसरं ते "पाणी रेडिएटरमध्ये थांबलं पाहिजे, फार जोरात गेलं तर थंड होत नाही" हे पण चुकीचं आहे. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी जास्त उष्णता बाहेर जाते. थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या तापतात त्याचं कारण वर सांगितलेला बायपास, आणि ब्लॉकमधला दाब कमी होऊन गरम जागांवर वाफ तयार होणं. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन उकळा, किती अंशाला उघडायला लागतो आणि पूर्ण किती उघडतो ते डोळ्यांनी बघा, आठ मिलिमीटरच्या आसपास तरी उघडला पाहिजे. नवीन आणलेला पण असाच तपासून बसवा.

कूलंटबद्दल. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड, असं नाही. उष्णता वाहून न्यायला पाणीच सगळ्यात चांगलं, निम्मं-निम्मं मिश्रण तेवढ्याच वजनाच्या पाण्यापेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी उष्णता नेतं. कूलंट लागतं ते गंज थांबवायला, पंपाच्या सीलसाठी, उकळबिंदू वर न्यायला आणि गोठू नये म्हणून. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, जिथे पाणी गोठतच नाही तिथे एवढ्याची गरज नसते, एक भाग कूलंट दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरतं, पण त्याच्याखाली जाऊ नका नाहीतर गंज लागेल. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकात एक ओतू नका, काही जोड्यांचा चिकट गाळ होतो. पाण्याविना चालणारं महागडं कूलंट मिळतं, ते १८० च्या पुढे पण उकळत नाही, पण उष्णता वाहून न्यायची ताकद पाण्यापेक्षा बरीच कमी, त्यामुळे टेंपरेचर कमी करण्यासाठी ते घेणं म्हणजे चुकीचं औषध. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवून टाका, इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना, लहान मुलांना ते विष आहे.

हे सगळं ठीक करून पण जोरात चालवल्यावरच तापत असेल तर तेलाकडे बघा. पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता तेल नेतं, एअर कूल्ड पोर्शे ९११ तर १९९८ पर्यंत हवा आणि तेलावरच चालली, आणि माझदाच्या रोटरी इंजिनात रोटर आतून तेलानेच थंड होतात. तेल ९० ते १२० मध्ये असावं, १३०-१४० ला राहत असेल तर ऑइल कूलर लावा, पण थर्मोस्टॅटवाला, नाहीतर थंडीत तेल गरमच होणार नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सचं तेल पण बहुधा रेडिएटरच्याच टाकीत थंड होतं, त्याला वेगळा कूलर दिला की इंजिनाच्या रेडिएटरवरचा भार उतरतो, हा बदल मला मोठ्या रेडिएटरपेक्षा आधी करावासा वाटतो. एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी बॉनेटखालची उष्णता कमी करते, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळणं थांबतं, पण कूलंटचं टेंपरेचर त्याने फार उतरत नाही, आणि साध्या लोखंडाचा हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा संच) असेल तर पट्टीत ओल धरून तो सडतो. हीट शील्ड बरं.

बंद करून चालू केल्यावर सुई वर दिसते, त्यात काही बिघडलेलं नाही. पंप थांबला, फॅन थांबला, हेडमधली उष्णता उभ्या पाण्यात उतरते, एक-दोन मिनिटं चालल्यावर खाली यायला पाहिजे. जोरात चालवून आल्यावर बंद करायच्या आधी मिनिटभर आयडलला ठेवा, टर्बो असेल तर नक्कीच.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात, त्याच स्पीडला परत मोजा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच पार्ट एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत सुरुवातीपासून शोधावं लागतं.

आणि तोपर्यंत रस्त्यात कधी सुई चढायला लागली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा, हीटर पण एक छोटा रेडिएटरच आहे, चालवणाऱ्याला त्रास होतो पण इंजिन वाचतं. इंजिनावर चालणारा फॅन असेल तर उभं असताना न्यूट्रलमध्ये पंधराशे-दोन हजारला धरा. लालला टेकली तर बाजूला घ्या आणि बंद करा. कॅपला हात लावू नका, आतलं पाणी शंभरच्या वर असतं, झाकण सैल झालं की त्याची वाफ होऊन तोंडावर येतं, वरचा पाईप हातात धरवेल इतका गार होईपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं. आणि सुई लालला असताना अचानक धपकन खाली आली तर गाडी थंड झाली असं समजू नका, बहुधा सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नाही, त्याच क्षणी इंजिन बंद करा.